उताणा दगड

वारा सुरू झाला की आमच्या चाहगजमध्ये सगळेच ओरडून बोलतात. तालुक्याच्या गावी, खाफच्या बाजारात, आमची माणसं तेवढ्यावरून ओळखू येतात. दुकानदार कानांवर हात ठेवून म्हणतो, "बाई, इथे वारा नाही, जरा हळू." हा वारा उन्हाळ्याच्या तोंडाशी उत्तरेकडून येतो, चार महिने मुक्काम ठोकतो आणि तेवढ्यात मिठाच्या बरणीपासून पापण्यांपर्यंत सगळ्यात वाळू कालवून जातो. त्याला शिव्या देत देतच आम्ही त्याच्या जिवावर जगलो. गावाला नदी नाही, ओढा नाही. दळायला होता तो वाराच.

गावाच्या डोक्यावर, टेकाडाच्या धारेवर, मातीच्या पवनचक्क्या एकमेकींना टेकून उभ्या आहेत. उंच भिंती, भिंतींमधून वारा आत शिरेल एवढी उभी फट, आत एका उभ्या खांबाला बांधलेल्या लाकडी फळ्या. वारा फळ्यांना ढकलतो, खांब फिरतो आणि खालच्या खोलीत खांबाच्या पायाशी अडकवलेला वरचा दगड फिरतो. एवढंच ते यंत्र. पण आमच्या गावाचा इतिहास म्हणजे याच चक्क्यांचा इतिहास. लालमहम्मद नावाच्या चक्कीवाल्याच्या दोन मुलांनी एकेक चक्की वाटून घेतली, मग थोरल्याने आपली भिंत अशी वाढवली की धाकट्याचा वारा चोरला गेला. आज त्यांचे पणतू एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. जरखातून नावाच्या विधवेने नवऱ्याची चक्की म्हातारपणापर्यंत एकटीने चालवली. ती बहिरी होती आणि तळपायाने दगडाचा आवाज ऐकायची. प्रत्येक चक्कीला असं एकेक माणूस चिकटलेलं. मधली एक तेवढी निनावी. तिचं दार मातीने लिंपून बंद केलेलं आहे आणि तिच्यापाशी शेळ्यासुद्धा सावलीला बसत नाहीत. मला विचाराल तर त्या बाजूला सावलीच पडत नाही, म्हणून.

मी गावच्या आरोग्यखोलीत काम करते. तान्ह्या पोरांची वजनं, गरोदर बायांच्या गोळ्या, विंचू चावला तर इंजेक्शन. काट्यावर दिसेल तेवढं खरं मानायचं अशी माझी सवय आहे, आणि त्यावरून घरात माझी मनसोक्त थट्टा व्हायची. बाबा म्हणायचे, "गुलअंदामला दुवा दिली तरी ती आधी तोलून बघेल."

बाबांचं नाव शेरदिल. टेकाडाच्या टोकाची चक्की आमची. बाकीच्या एकेक करून थांबल्या, कारण खाफमध्ये विजेची गिरणी आली. शेवटी उरली आमची, आणि हंगामात अधूनमधून यारअहमदकाकांची. काकांच्या चक्कीचा खांब तडकला तेव्हा तीही गेली.

चक्कीवाल्यांचा एक रिवाज आहे. चक्कीवाला मेला की त्याला पुरून परतताना बाकीचे चक्कीवाले तसेच पहारी घेऊन टेकाड चढतात आणि त्याच्या चक्कीचा वरचा दगड उचलून उताणा करतात. टाकीचे घाव घातलेली दळायची बाजू छपराकडे. मौतीचा चाळिसावा दिवस होईपर्यंत तो तसाच राहतो. चाळिसाव्याला तेच लोक दगड पुन्हा पालथा बसवतात आणि वारस पहिली मूठ दाणे घालतो. तेही घरचे नाहीत, शेजारून मागून आणलेले. असं का, हे विचारलं तर म्हातारे म्हणतात, असंच आहे. मी ते सुतकाचं एक रूप समजत होते. कुणी दाढी वाढवतं, कुणी दगड उलटतं.

गेल्या हंगामाच्या शेवटी बाबा नाहीसे झाले. दुपार होती, चक्की भरात होती. खाली माझा धाकटा भाऊ दादखुदा दाणे सोडत होता. वर एक फळी सैल होऊन खटखटायला लागली. बाबा म्हणाले, "बघून येतो," आणि जिना चढले. चालू चक्कीत वर कुणी पाय ठेवत नाही. शेवटच्या पायरीवर उभं राहून आकडीने दोरी ओढायची असते. तेवढं तर त्यांनी शंभरदा केलं होतं. खटखट थांबली. बाबा खाली आले नाहीत. दादखुदाने फटीवर फळ्या टाकून चक्की थांबवली आणि वर गेला. वर खांब होता आणि वारा होता. जिन्यावर बाबांचे जोडे होते, मशिदीच्या दाराशी ठेवतात तसे नीट जोडीने.

वरून बाहेर पडायला फक्त वारा निघून जायची पलीकडची फट. तिच्याखाली अंगणात बायका गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी कुणालाही पाहिलं नाही. मग चौकीचे शिपाई आले, विहिरी धुंडाळल्या, टेकाड पालथं घातलं. अफगाणिस्तानची हद्द जवळ आहे, त्यामुळे गावाने स्वतःच निकाल लावला: शेरदिलचं हेरातला दुसरं घर होतं, तो तिकडे गेला. मलाही तेच पटवून घेणं सोपं गेलं. बायकोला सोडून गेलेला बाप चालतो, पण जिन्यावर विरघळलेला बाप माझ्या डोक्यात बसत नाही. मौलवींनी सांगितलं, प्रेत नाही तर मौत नाही, वाट पाहा.

वाऱ्याचे दिवस जवळ आले तसे यारअहमदकाका आमच्याकडे आले. फेटा नीट बांधून, म्हणजे काम अवघड होतं.

"दादखुदा, दगड उताणा करून घेऊ या रे," ते म्हणाले. "वारा येईल आता."

"का? मेलंय कोण?"

"मी कुठे म्हणतो कुणी मेलंय? पण ज्याच्या हाताचा दगड आहे तो माणूस नाही. दगडाला कळायला नको?"

"काका, दगड उताणा केला की बाबा मेले. मी नाही करणार. उद्या ते आले तर काय सांगू, तुमचा चाळिसावा जेवलो म्हणून?"

आतून आईचा आवाज आला. "यारअहमद, माझ्या दारात मौतीचं नाव काढायचं नाही. दादखुदाचे बाबा कुठेतरी अडकलेत, येतील. चहा हवा तर बस, नाहीतर वाट धर."

काका शहाणे, ते चहाला बसले. साखरेचा खडा दातांत धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली, मी मधे पडेन असं त्यांना वाटलं असावं. मी खांदे उडवले. दगड तो दगड, उताणा काय आणि पालथा काय.

वारा आला आणि दादखुदाने चक्की सुरू केली.

यंदा पाऊस नव्हताच. कोरडवाहू गहू गुडघ्याएवढाही झाला नव्हता, दाणा बारीक, सुरकुतलेला. सगळीकडे रडारड. आणि अशात शेजारची सनोबर एक दिवस माझ्याकडे धापा टाकत आली. मला वाटलं, हिचं पोट दुखतंय.

"तुझा भाऊ खुळा झालाय की औलिया?" ती म्हणाली. "अर्धं पोतं गहू दिला होता. पीठ आलंय ते पोत्यात मावेना. तोंड बांधता येत नाही."

"पीठ फुगतं, सनोबर."

"मला शिकवू नकोस. लग्न झाल्यापासून पीठच मळतेय मी."

मी तिचं पीठ आरोग्यखोलीच्या काट्यावर चढवलं. मोठ्या माणसांचा काटा, तालुक्याने दिलेला, पक्का. मग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाईचा गहू दळायला जाण्याआधी तोलला आणि पीठ आल्यावर पुन्हा तोलला. चक्कीवाल्याचा वाटा काढूनसुद्धा पीठ गव्हापेक्षा जास्त भरत होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं दीडपट. मी काटा तपासला, स्वतः उभी राहिले. काटा बरोबर होता.

गावाने याला बरकत म्हटलं. कुणी म्हणालं, शेरदिल हजला गेलाय, तिथून दुवा करतोय. हेरातचं दुसरं घर लोक एका दिवसात विसरले. आसपासच्या गावांतून गाढवं यायला लागली, मग ट्रॅक्टर. खाफची विजेची गिरणी ओस पडली.

आईने पहिल्यांदा ते पीठ चिमटीत धरलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. "हे दादखुदाचं नाही," ती म्हणाली. "हे त्यांच्या हातचं आहे."

तेही खरं होतं. प्रत्येक चक्कीवाल्याचं पीठ वेगळं. खांबाखालची पाचर कोण किती ठोकतं त्यावर ते असतं. दादखुदा बारीक दळायचा, मैद्यासारखं मऊ. बाबा जाडसर, नान भाजताना कडेला खरपूस लागेल असं. मी चक्कीत जाऊन पाचर पाहिली. ती दादखुदानेच ठोकलेली, घट्ट. पन्हाळीतून पडत होतं ते पीठ जाडसर होतं.

"कसं काय रे?" मी विचारलं.

"मला काय माहीत? बाबांना विचार," तो हसून म्हणाला. त्याच्या पापण्या पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या. तो फार खुशीत होता.

काही दिवसांनी त्याचा अंगठा पहारीखाली चेचला, म्हणून पट्टी बांधायला तो माझ्याकडे आला. जाताना गमतीने काट्यावर चढला. लहानपणापासूनची खोड. काटा हलला आणि फार अलीकडेच येऊन थांबला. तिथे सहसा आमच्या शाळकरी मुलींचं वजन थांबतं.

"उतर, नीट चढ," मी म्हटलं. तो उतरला, चढला. तेच.

मी भावाकडे नीट पाहिलं. गाल भरलेले, मनगट जाडजूड, सदरा खांद्यांवर तसाच ताठ. आजारी माणूस मी ओळखते. क्षय झालेला माणूस दारातून येतानाच कळतो. हा तसा नव्हता. त्याचं काहीच कमी झालेलं नव्हतं, काट्याखेरीज.

"जेवतोस ना?"

"आईला विचार. तंदूरसकट खाशील म्हणते."

मी त्याला दर आठवड्याला बोलवायला लागले. तो यायचा, चढायचा, माझ्या तोंडाकडे बघून हसायचा. काटा दर वेळी आणखी अलीकडे. शाळकरी मुलींच्या जागेवरून तो त्यांच्या धाकट्या भावांच्या जागेवर आला. रक्त तपासायला खाफला पाठवलं, तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की माणूस ठणठणीत आहे. त्यांनी त्याला तोललं नव्हतं. तोलायचं कशाला, दिसत तर होता तो धडधाकट.

एकदा तो आरोग्यखोलीत कोट विसरून गेला. उचलायला गेले तर हाताला हिसका बसला. खिसे गोट्यांनी भरलेले होते, टेकाडावरच्या काळ्या, मुठीएवढ्या. अस्तराच्या आतसुद्धा शिवून घेतलेल्या. मी धावत त्याला गाठलं. तो भिंतीच्या आडोशाने, भिंत धरून चालला होता.

"हे काय आहे, दादखुदा?"

तो ओशाळला. "वाऱ्यात बरं पडतं, आपा. नाहीतर चढ चढताना पाय उचलला की परत टेकत नाही."

मी त्या रस्त्यात उभी राहिले. धुळीत माझ्या पावलांचे ठसे होते. त्याचे नव्हते. खरं सांगते, तोवर मला काळजी होती. तिथे मला भीती वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

मी सरळ यारअहमदकाकांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून शेळीचं पिल्लू कुरवाळत होते.

"काका, त्या लिंपलेल्या चक्कीत काय झालं होतं?"

"तुला आज कशाला हवंय ते? तू तर यावर हसतेस."

"आज हसत नाहीये."

त्यांनी पिल्लू खाली ठेवलं. "माझ्या आजोबांच्या लहानपणची गोष्ट. चक्कीवाला तीर्थाला गेला आणि वाटेत मेला. खबर यायला वर्ष लागलं. तोवर पोराने चक्की चालवली, दगड तसाच ठेवून."

"मग?"

"मग काही नाही," काका म्हणाले. "तिथे पीठ फार पडायचं."

त्याच्या पुढे त्यांनी काही सांगितलं नाही. पोराचं काय झालं, दार कुणी लिंपलं, मी सगळं विचारलं. ते म्हणाले, "आजोबांनी मला एवढंच सांगितलं, मी तुला एवढंच सांगतो. उद्या दुपारी पुतण्यांना घेऊन येतो. पण तुझी आई?"

आई. मी त्याच दुपारी तिच्यापुढे बसले. तंदूरमध्ये नान थापत होती ती. मी सांगितलं, दादखुदा जातोय, रोज थोडा थोडा जातोय, दगड उताणा केला नाही तर तो राहणार नाही. तिने ऐकलं. हात थांबले नाहीत.

"आणि केला तर?"

"तर तो राहील."

"आणि ते?"

तिने नान काढला आणि नेहमीसारखा अर्धा फडक्यात बांधून फडताळात ठेवला, बाबांसाठी. "दादखुदा रोज सांगतो मला," ती म्हणाली. "वर पावलं वाजतात म्हणतो. आधी वाळकं पान सरकल्यासारखी वाजायची, आता चांगली वाजतात. तुझ्याच बाबांची आहेत, गुलअंदाम. थोडंच राहिलंय."

"आई, तो तुझा मुलगा आहे!"

"आणि ते कोण आहेत?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही टेकाड चढलो. काका, त्यांचे दोन दणकट पुतणे आणि मी. वारा असा होता की बोलायला तोंड उघडलं की दातांवर वाळू करकरायची. चक्कीच्या अंगणात गाढवं, पोती, बायका. आमच्या हातातल्या पहारी पाहून बायका उठून उभ्या राहिल्या. एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "एवढा हंगाम जाऊ दे गं. नातवंडं आहेत." मी तिला बाजूला केलं. तिचं चुकत नव्हतं. त्या चक्कीवर आमचं आणि आसपासचं सगळं गाव जेवत होतं.

आत पिठाचा धुरळा. खांब घरघरत होता. दादखुदा दाण्यांच्या कोठीपाशी उभा होता आणि त्याच्या कमरेला दोर होता, भिंतीतल्या कडीला बांधलेला.

"दोर कशाला?" मी ओरडले.

"वर ओढलं जातं, आपा." त्याने पहारी पाहिल्या आणि त्याचं हसू गेलं. "नको. आपा, नको. थोडंच राहिलंय. ऐक ना तू. एकदा ऐक."

काकांनी पुतण्यांना खूण केली. एकाने बाहेर जाऊन फटीवर फळ्या टाकल्या. खांब मंदावला. घरघर खाली उतरत गेली आणि दगड थांबला. वारा बाहेर राहिला.

मग मी ऐकलं.

वर कुणीतरी चालत होतं. अनवाणी. खांबाभोवती, सावकाश, दिवसभर काम केलेला माणूस चालतो तसं. डावा पाय किंचित घासत. बाबांच्या डाव्या गुडघ्यात वात होता. त्यावर मीच मलम द्यायची.

"ऐकलंस?" दादखुदा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "एवढा हंगाम, आपा. मग ते खाली उतरतील."

"आणि तू?"

"मी हलका आहे. मला काही त्रास होत नाही."

पुतण्यांचे चेहरे पांढरे पडले होते. काकांनी पाचर काढली, खांब टेकूवर उचलून धरला. "बीबी," ते मला म्हणाले, कधी नव्हे ते इतक्या अदबीने, "पहार तुझ्या हाताने लागली पाहिजे. घरचं कुणीतरी हवं."

मी पहार दगडाखाली सारली.

दादखुदाने माझा हात धरला. मी तो सोडवला. जराही जोर लावावा लागला नाही. अंगावर पडलेली ओढणी बाजूला करावी तसा माझा भाऊ बाजूला झाला, दोराच्या टोकाला.

पावलं थांबली. मग जिन्याकडे आली.

एक पायरी.

"दाबा," काका म्हणाले.

दुसरी पायरी. तिसरी. जिन्याच्या वळणावर अंधार होता आणि त्या अंधारात कुणीतरी श्वास घेत होतं. मला ओळखीचा वास आला, घामाचा आणि पिठाचा. लहानपणी मी त्या वासात झोपले आहे.

मी दाबलं. सगळ्यांनी दाबलं. दगड काठावर उभा राहिला, क्षणभर तसाच राहिला आणि उताणा पडला.

खोली हादरली. मागोमाग दुसरा आवाज झाला, दादखुदा जमिनीवर पडल्याचा. धप्पकन. पिठाचा ढग उठला. तो खाली बसला तेव्हा जिना रिकामा होता.

दादखुदाला गाढवावर घालून खाली आणलं. पोती वाहणारं तगडं गाढव, तरी उतारावर दोनदा गुडघ्यांवर बसलं. दादखुदाला शुद्ध नव्हती, पण नाडी भरलेली होती आणि कोटातल्या गोट्या काढून टाकल्या तरी तो जड होता. मी वाटेतच रडायला लागले. भाऊ परत जड झाला म्हणून रडणारी बहीण जगात मी एकटीच असेन.

बाबांचं सुतक आम्ही त्याच दिवसापासून धरलं. मौलवी कुरकुरले, पण आले. आईने माझ्याशी बोलणं टाकलं. बायका तिच्या गळ्यात पडून रडायच्या, ती कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत म्हणायची, "माझा माणूस हिने मारला." मी ऐकून घ्यायचे. मीच तर तो दगड उलटला होता, आणि पुन्हा वेळ आली असती तर पुन्हा उलटला असता. बाबांना मी रोज आठवत होते, रोज त्यांची माफी मागत होते.

दादखुदा हळूहळू उठला. जेवायला लागला. अंगणातल्या धुळीत त्याच्या पावलांचे खोल, ठसठशीत ठसे उमटले, ते मी दारात बसून कितीतरी वेळ पाहिले. काट्यावर तो आपल्या जुन्या जागी आला. पुढच्या खेपेला जुन्या जागेच्या पुढे गेला. त्याच्या पुढच्या खेपेला काटा टोकाला जाऊन खट्टकन आपटला आणि तिथेच थरथरत राहिला. दादखुदा शांतपणे उतरला. सदरा त्याला तसाच बसत होता. नंतर मी त्याला काट्यावर बोलावलं नाही.

बोलणं कमी झालं होतं त्याचं. थट्टा करत नव्हता. मी म्हणायचे, वडील गेले, धक्का बसलाय, वेळ लागेल. आणि मग एक दिवस आई माझ्याशी बोलली. सहज, मधे काही झालंच नाही अशी. म्हणाली, "मीठ संपलंय, येताना आण." तिने केसांना तेल लावलं होतं. मला एवढं बरं वाटलं की मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिने ते थोपटलं.

चाळिसाव्याला सकाळी काका आणि पुतणे वर जाऊन दगड पालथा बसवून आले. दादखुदाने शेजारून मागून आणलेल्या गव्हाची पहिली मूठ घातली. चक्की फिरली, पीठ पडलं. गव्हाएवढंच. काकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मी देवाचे आभार मानले.

दुपारी अंगणात पंगत बसली. भात, मटण, कुरुताची, सुकवलेल्या आंबट दह्याची, वाटी. पुरुष हात धुऊन सतरंजीवर बसले होते, बायका तंदूरपाशी. दादखुदा एकटाच फाटकात उभा होता, आमच्याकडे पाठ करून, टेकाडाकडे बघत.

आईने शेवटचा नान काढला. हातावरचं पीठ झटकलं, चादर कपाळावर नीट ओढून घेतली आणि अंगणाच्या या टोकावरून हाक मारली.

"दादखुदाचे बाबा, चला. नान गार होतायत."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मी आईला सावरायला उठले. एवढ्या दिवसांचं दुःख आज बाहेर पडतंय, असं मला वाटलं.

"आलो," दादखुदा म्हणाला, आणि डावा पाय किंचित घासत आत आला.